गव्हाचं पान खिशात घालून दुकानात येण्याआधी

जानेवारी उजाडला की आमच्या दुकानात शर्टाच्या खिशांतून पानं निघायला लागतात. कुणी बिडीच्या बंडलाला टेकवून ठेवलेलं, कुणी आधार कार्डाच्या कव्हरात सरकवलेलं, एक तात्या तर टोपीत घालून आणतात. पान काउंटरवर ठेवायचं आणि म्हणायचं, "शेठ, गव्हावर तांबेरा आलाय, औषध द्या."

लासलगाव-विंचूर पट्ट्यात बावीस वर्षं झाली मला कृषी सेवा केंद्र चालवून. माझ्या मागच्या फळीवर बुरशीनाशकाच्या बाटल्या रांगेत उभ्या आहेत आणि त्या विकल्या की माझीच चूल पेटते. तरी सांगतो, काउंटरवर येणाऱ्या या पानांपैकी निम्म्याहून जास्त पानांवर बुरशी नसतेच. पान पिवळं दिसलं की तांबेरा, असं आपल्याकडे धरून चालतात. म्हणून हे सगळं एकदा लिहून काढतोय. गव्हाला बुरशीचा कोणता रोग कधी येतो, तो शेतात उभं राहून कसा ओळखायचा, आणि कधी पैसे घालायचे, कधी हात आखडता घ्यायचा.

सुरुवात रुमालाने. पांढरा असेल तर उत्तम, नसेल तर कोरा कागद. सकाळी दव उडाल्यावर, साधारण नऊ-साडेनऊला गव्हात जा. संशय आहे ते पान तोडू नका, झाडावरच राहू द्या. रुमालात पान धरा आणि बुडाकडून शेंड्याकडे एकदा ओढा. रुमालाला विटेच्या भुकटीसारखा डाग पडला तर तो तांबेरा. आपले जुने लोक याला गेरवा म्हणतात, ते या गेरूच्या रंगावरूनच. डाग पडला नाही, नुसता ओला हिरवट पुसटसा रंग आला, तर तांबेरा नाही. मग पान कितीही पिवळं असो. एवढं करायला पैसा लागत नाही आणि माझ्याकडे यायचीही गरज नाही.

मग पान पिवळं कशाने पडतं? आमच्या भागात पहिलं कारण पाणी. पाटाचं आवर्तन सुटलं की आपण वाफे तुडुंब भरून घेतो, पुढचं पाणी कधी मिळेल याची खात्री नसते ना. काळ्या जमिनीत ते पाणी दोन-दोन दिवस साचून राहतं, मुळं गुदमरतात आणि वाफ्याच्या सखल कोपऱ्यातला गहू पिवळा पडतो. पिवळेपणा कोपऱ्यात, नाल्याकडच्या अंगाला, दंडाजवळ असेल तर आधी पाण्याकडे बघा. दुसरं कारण चुनखडीची जमीन. तिथे कोवळी पानं शिरा हिरव्या ठेवून मधे पिवळी पडतात, ती लोहाची कमतरता. खालची जुनी पानं शेंड्याकडून पिवळी होत येत असतील तर नत्र कमी पडलंय. निफाडच्या थंडीत पारा एकेरी आकड्यावर आला की पानांचे शेंडे वाळून पांढरट होतात, तेही रोग नाही. आणि तणनाशक उशिरा मारलं, पोटरीच्या तोंडावर, म्हणजे ओंबी अजून पानाच्या आवरणात असताना, टू-फोर-डी हे तणनाशक फवारलं, तर ओंब्या वाकड्यातिकड्या निघतात. त्याला माझ्याकडे औषध नाही, कुणाकडेच नाही.

अजून एक घोळ शब्दाचा. मावा पडला की त्याच्या चिकट्यावर काळी बुरशी वाढते, पान काजळ लावल्यासारखं दिसतं. लोक म्हणतात, "काजळी आली." पण गव्हाची खरी काजळी ओंबीत येते, ती गोष्ट वेगळी, पुढे सांगतो. पानावरची काळी पुटं बोटाने पुसली जात असतील आणि बोट चिकट होत असेल तर मावा शोधा. कुशीत आणि शेंड्यावर तो सापडेलच.

आता तांबेरा.

आपल्या महाराष्ट्रात दोनच तांबेरे विचारात घ्यायचे. पानावरचा नारिंगी आणि खोडावरचा काळा. तिसरा पिवळा तांबेरा पंजाब-हरियाणात आणि हिमालयाच्या पायथ्याला येतो, त्याला दहा-पंधरा अंशांचा गारवा हवा असतो. आपल्याकडे रात्र कितीही गार असो, दिवसा ऊन तापतं, त्यामुळे तो इथे टिकत नाही. हे मुद्दाम सांगतो, कारण मोबाइलवर हिंदीतले व्हिडिओ बघून पोरं येतात आणि "पानाला हात लावला की हळद लागते" म्हणतात. प्रत्यक्षात हाताला काही लागलेलं नसतं, व्हिडिओ बघितलेला असतो.

नारिंगी तांबेरा पानाच्या वरच्या बाजूला येतो. मोहरीपेक्षाही बारीक, गोलसर, नारिंगी-तपकिरी पुळ्या, कुठेही विखुरलेल्या, रांगेत नाहीत. माझ्याकडे दुकानात घड्याळजीचं भिंग आहे. त्यातून बघितलं की प्रत्येक पुळीच्या कडेला पानाची साल फुटून वर आलेली दिसते आणि मधे बारीक पीठ साठलेलं असतं. ते पीठ म्हणजे बीजाणू, बुरशीचं बी. एका पुळीत असे हजारो. ते वाऱ्याने उडतात, दुसऱ्या पानावर पडतात आणि पानावर दव पाच-सहा तास टिकलं, हवा वीस अंशांच्या आसपास असली, की रुजतात. रुजल्यापासून आठ-दहा दिवसांत नवी पुळी. म्हणजे आज दहा झाडांवर दिसला तर दहा दिवसांनी वाफाभर, आणि वीस दिवसांनी बांधाच्या पलीकडे शेजाऱ्याकडेही.

काळा तांबेरा त्याहून वाईट. तो उबदार हवेत, फेब्रुवारीकडे झुकताना येतो. खोडावर, पानाच्या देठाकडच्या आवरणावर, कधी ओंबीच्या कुसळांवरही. पुळ्या लांबट, काडीच्या उभ्या दिशेने वाढलेल्या, आणि बोट फिरवलं तर खरखरीत लागतात. साल चिंध्यांसारखी फाटलेली असते. आधी विटकरी, मग गहू पिकायला लागला की काळ्या. खोडातून दाण्याकडे जाणारा रस मधेच अडतो आणि दाणा चिमतो. १९४६-४७ च्या हंगामात मध्य भारतात याच काळ्या तांबेऱ्याने हाहाकार केला होता. त्या काळी मारायला औषध नव्हतं आणि दाद न देणारी वाणंही नव्हती.

तांबेरा येतो कुठून, ते कळलं तर अर्धी काळजी कमी होते आणि अर्धी योग्य जागी जाते. आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. त्या उन्हात तांबेऱ्याचे बीजाणू जगत नाहीत. आग्र्याचे प्राध्यापक करमचंद मेहता यांनी गेल्या शतकाच्या पूर्वार्धात वर्षानुवर्षं काम करून हे दाखवून दिलं की मैदानात उन्हाळ्यात तांबेरा मरतो आणि दरवर्षी डोंगरांतून नव्याने येतो. आपल्या बाजूला तो मुख्यतः दक्षिणेतून, निलगिरी आणि पळणीच्या डोंगरांतून येतो. तिथल्या थंड हवेत गव्हावर तो तग धरून राहतो. नोव्हेंबरात बंगालच्या उपसागरात वादळ झालं की त्या वाऱ्यापावसाबरोबर बीजाणू उत्तरेकडे सरकतात आणि पावसाच्या थेंबांतून खाली उतरतात. म्हणूनच महाबळेश्वरच्या गहू गेरवा संशोधन केंद्रात वर्षभर यावर काम चालतं.

यातून दोन गोष्टी घ्या. मागच्या वर्षीचं काड जाळून तांबेरा टळत नाही, त्यासाठी शेत पेटवू नका. आणि नोव्हेंबर-डिसेंबरात अवकाळी पाऊस झाला, ढगाळ हवा राहिली, तर त्यानंतर दर चार दिवसांनी गव्हात रुमाल घेऊन फिरा. बांधावरून बघू नका. बांधावरून सगळ्यांचाच गहू चांगला दिसतो. आत शिरा, पाच ठिकाणी थांबा आणि प्रत्येक ठिकाणी दहा झाडांची खालची आणि मधली पानं बघा. विहिरीजवळचा, झाडाच्या सावलीतला आणि उसाच्या आडोशाचा भाग आधी बघा. तिथे दव उशिरापर्यंत राहतं आणि तांबेरा तिथूनच सुरू होतो.

सापडला तर फवारायचं का? इथे माझं आणि माझ्या धंद्याचं भांडण आहे, पण खरं तेच सांगतो. तीन गोष्टी बघा. वाण कोणतं आहे, पीक कोणत्या अवस्थेत आहे, आणि पुढच्या आठवड्याची हवा कशी आहे.

लोकवन असेल तर थांबू नका. चाळीस वर्षांहून जुनं वाण, चपाती मऊ होते म्हणून घरातल्या बायकांचा त्याच्यावर जीव, आमच्या घरातही तेच. पण तांबेऱ्याला ते सहज बळी पडतं. त्र्यंबक, तपोवन, फुले समाधान ही आमच्या कुंदेवाडीच्या संशोधन केंद्रातून आलेली वाणं आहेत, ती बरीच तग धरतात. तिथे इकडेतिकडे चार पुळ्या दिसल्या तर चार दिवस थांबून पुन्हा मोजा. वाढत असतील तर फवारा, नसतील तर नाही.

मग अवस्था. गव्हाचा दाणा मुख्यतः वरच्या दोन-तीन पानांच्या जिवावर भरतो, त्यातही सगळ्यात वरच्या झेंडापानाच्या. तांबेरा खालच्या पानांवर आहे आणि गहू पोटरीत किंवा फुलोऱ्यात आहे, ही फवारणीची खरी वेळ. झेंडापान वाचवायचं आहे. पण दाणा दुधातून चिकात जाऊन घट्ट व्हायला लागला असेल, ओंब्यांवर पिवळसर छटा असेल, तर आता फवारून पैसे मातीत घालू नका. अशा वेळी गिऱ्हाईक परत पाठवलं की ते शेजारच्या दुकानात जाऊन बाटली घेतंच. काय करणार.

फवारायचं ठरलं तर प्रोपिकोनॅझोल २५ टक्के ईसी, म्हणजे पाण्यात मिसळायचं पातळ औषध, लिटरला एक मिली. एकरी २०० मिली औषध आणि २०० लिटर पाणी. हे सगळ्यांना पाठ असतं, आणि सगळे इथेच चुकतात. सोळा लिटरच्या पंपाला सोळा मिली टाकतात, बरोबर, पण एकरात पंप मारतात सहा किंवा सात. सात पंपांचं औषध झालं ११२ मिली. अर्ध्याच्या आसपासच. मग तांबेरा हटत नाही आणि शिव्या मला. २०० लिटर म्हणजे सोळाचे बारा-साडेबारा पंप. गहू कमरेला आला की एवढं पाणी लागतंच, नाहीतर औषध वरच्या पानांवरच अडकतं. पंपाचं गणित जमत नसेल तर एकराला २०० मिली मोजून बाजूला काढा आणि तेवढं एकरात संपेल अशा बेताने चाला.

नोझल धुक्यासारखा गोल फवारा पाडणारं घ्या. तणनाशकाचं चपटा पट्टा पाडणारं बुरशीनाशकाला लावू नका. आणि ज्या पंपाने टू-फोर-डी मारलं, तो पंप आमच्या भागात बुरशीनाशकाला वापरूच नये, कितीही धुतला तरी. तोच पंप पुढे द्राक्षात गेला तर काय होतं ते इथल्या प्रत्येक बागाईतदाराला माहीत आहे. दव उडाल्यावर सुरू करा. दवात मारलं तर पानावरचं पाणी औषधासकट खाली ओघळतं. वारा सुटला की थांबा. तोंडाला रुमाल नको, मास्क लावा, हातमोजे घाला, अंगभर कपडे घाला. २०१७ ला यवतमाळात कपाशी फवारताना माणसं गेली, ती बातमी अजून विसरलो नाही.

फवारल्यावर दुसऱ्या दिवशी फोन येतो, "शेठ, पुळ्या तशाच आहेत." तशाच राहणार. फाटलेली साल औषधाने शिवली जात नाही. आठ दिवसांनी परत रुमाल ओढा. डाग पडत नसेल, पुळ्या कोरड्या काळपट झाल्या असतील आणि वरच्या नव्या पानावर काही नसेल, तर काम झालं. पडत असेल तर पहिल्या फवारणीपासून पंधरा दिवसांनी दुसरी. तिसरी करू नका. द्राक्षवाल्यांना सवय असते, हाताला चैन पडत नाही. पण गहू म्हणजे द्राक्षबाग नव्हे, त्याच्या भावात एवढं बसत नाही. काढणीआधी किती दिवस फवारायचं नाही ते बाटलीवर लिहिलेलं असतं. प्रोपिकोनॅझोलला गव्हावर ३० दिवस. हा गहू पोरांच्या डब्यात जाणार आहे, एवढं ध्यानात ठेवा.

माझी एक चूक सांगतो. दुकान टाकून दुसरंच वर्ष होतं. आमच्या शेजारचे नाना तांबेऱ्याचं पान घेऊन आले. तेव्हा माझ्याकडे कार्बेन्डाझिमचा बराच माल पडून होता, आणि मला वाटायचं बुरशीनाशक म्हणजे बुरशीनाशक. दिलं. स्वतःच्या गव्हावरही तेच मारलं. कार्बेन्डाझिम पुष्कळ रोगांना चांगलं आहे, पण तांबेरा त्याला दाद देत नाही, हे मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मी कुणाला विचारलंही नव्हतं. मार्चमध्ये नानांनी मळणी केली. दुकानात आले, बोलले काहीच नाहीत, पिशवीतून मूठभर गहू काढून काउंटरवर ठेवला. दाणा जिऱ्यासारखा बारीक, पोटाला सुरकुत्या. त्या वर्षी आमच्या घरी आई गहू पाखडायला बसली तेव्हा वाऱ्याबरोबर सुपातला गहूसुद्धा उडत होता. नाना अजूनही माझ्याचकडून माल घेतात, पण औषध देताना मी आजही दोनदा विचार करतो.

आता ओंबीतली काजळी, म्हणजे काणी.

हिला फवारणी नाही. हे वाक्य पुन्हा वाचा. ओंबी बाहेर पडते तीच काळी भुकटी घेऊन. दाण्यांच्या जागी काजळीसारखी पूड, वरून पातळ पापुद्रा. चार दिवसांत तो फाटतो, वाऱ्याने पूड उडून जाते आणि मागे नुसता दांडा उभा राहतो, माशाच्या काट्यासारखा. निरोगी ओंब्यांपेक्षा ही ओंबी जरा लवकर बाहेर पडते, म्हणून पहिली ओंबी दिसू लागताच शेतात फिरलं तर ती सहज नजरेत येते. उडालेली पूड शेजारच्या फुलोऱ्यात शिरते आणि तयार होणाऱ्या दाण्याच्या कोंबात जाऊन बसते. दाणा बाहेरून टपोरा, चकचकीत. चाळणीतून जातो, डोळ्याला कळत नाही. पुढच्या वर्षी तो पेरला की त्यातून काळी ओंबी.

म्हणजे घरचं बियाणं वर्षानुवर्षं वापरणाऱ्यांचा हा रोग. आमच्याच शेतात झालाय. वडिलांनी लोकवनचं एकच बी आठ-नऊ वर्षं राखलं होतं, "घरचं बी ते घरचं बी" म्हणत. पहिल्या वर्षी काळ्या ओंब्या बोटांवर मोजण्याइतक्या होत्या, पोरं त्यांनी मिशा काढायची. तिसऱ्या वर्षी दर वाफ्यात दिसायला लागल्या.

करायचं ते दोन ठिकाणी. शेतात काळी ओंबी दिसली की उपटायला धावू नका. झाड हलवलं की पूड उडते. आधी ओंबीवर कागदाची किंवा प्लॅस्टिकची पिशवी अलगद चढवा, खालून मुठीत आवळा, मग झाड मुळासकट काढा आणि बाहेर नेऊन जाळा किंवा खोल पुरा. वारा पडलेला असताना, सकाळीच. आणि त्या शेतातलं बी पुढच्या वर्षाला ठेवू नका. खायला चालतं.

दुसरं ठिकाण बीजप्रक्रिया. इथेही एक गोम आहे. नुसतं थायरम चोळलं तर ते दाण्याच्या अंगावर राहतं, आणि काजळी बसलेली असते कोंबात. आत भिनणारं औषध पाहिजे. कार्बोक्सिन ३७.५ टक्के अधिक थायरम ३७.५ टक्के हे मिश्रण किलोला तीन ग्रॅम, म्हणजे एकराच्या ४० किलो बियाण्याला १२० ग्रॅम. किंवा टेब्युकोनॅझोल २ टक्के डीएस, म्हणजे बियाण्याला लावायची भुकटी, किलोला एक ग्रॅम, एकराला ४० ग्रॅम. बियाणं ताडपत्रीवर पसरून वरून औषध भुरभुरून हाताने कालवतात, ते बरोबर नाही. अर्ध्या दाण्यांना औषध लागतच नाही. झाकणाचा ड्रम घ्या, अर्धाच भरा, पाण्याचा हलका शिंतोडा द्या, औषध टाका आणि आडवा करून दहा मिनिटं लोळवा. सगळे दाणे एकसारखे रंगले पाहिजेत. सावलीत सुकवा. ॲझोटोबॅक्टर किंवा स्फुरदाचं जिवाणूखत लावायचं असेल तर ते सगळ्यात शेवटी, पेरणीच्या आधी, दहा किलोला पाकीटभर, म्हणजे २५० ग्रॅम. उरलेलं रंगीत बियाणं गिरणीत जाणार नाही आणि कोंबड्यांपुढे पडणार नाही याची काळजी घरच्या कर्त्या माणसाने घ्यायची.

ज्यांना औषध नको त्यांच्यासाठी एक जुना उपाय आहे. अविभाजित पंजाबात लायलपूरचे शास्त्रज्ञ लुथ्रा यांनी १९३० च्या दशकात तो सांगितला. मे-जूनमधला कडक उन्हाचा, वारा नसलेला दिवस निवडा. सकाळी आठला बी पाण्यात भिजवा, बाराला काढा, आणि बारा ते चार-पाच वाजेपर्यंत पत्र्यावर किंवा फरशीवर एक थर पसरून तापवा. पाण्यात आतली बुरशी जागी होते आणि उन्हात मरते. मग पुढचे दोन-तीन दिवस खणखणीत वाळवून पोत्यात भरा. मी दोन वर्षं केलंय. ढग आले तर मात्र बी वाया, मोड येतात. दिवस नीट बघून निवडा, आणि भरण्याआधी शंभर दाणे ओल्या फडक्यात गुंडाळून उगवण तपासा.

करपा त्यामानाने सोपा. गहू दीड-दोन महिन्यांचा झाला की खालच्या पानांवर बारीक, लांबट गोल, तपकिरी ठिपके, भोवती पिवळी कडा. मग ठिपके एकमेकांत मिसळून पान भाजल्यासारखं वाळतं. रुमालाला डाग पडत नाही, हा तांबेऱ्याशी फरक. दाट पेरणी, हात सैल सोडून टाकलेला युरिया आणि रोज ओला राहणारा वाफा, ही त्याची आवडती जागा. मँकोझेब ७५ टक्के लिटरला अडीच ग्रॅम, एकरी २०० लिटर पाण्यातून. पण आधी युरियाचं पोतं बाजूला ठेवा.

पेरणीनंतर पंधरा-वीस दिवसांत रोपं मधूनमधून पिवळी पडून मरतात, ओढली की सहज हातात येतात, तर बुडाशी बघा. पांढरे धागे आणि मोहरीसारखे गोल तपकिरी दाणे दिसले तर ती जमिनीतली बुरशी, आपण मर म्हणतो. सोयाबीन काढून लगेच ऑक्टोबरात, जमीन तापलेली असताना घाईने गहू पेरला की हमखास. हीच बुरशी सोयाबीनच्या बुडालाही लागते, म्हणजे तिला ताटावरून उठायचंच नसतं. गहू नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात पेरा, सोयाबीनचं अर्धवट कुजलेलं काड वर ठेवू नका, आणि पेरणीआधी दोन-अडीच किलो ट्रायकोडर्मा, म्हणजे रोगाच्या बुरशीला मारणारी उपयोगी बुरशी, शंभर किलो मुरलेल्या शेणखतात मिसळून एकराला द्या. मेलेल्या रोपांवर औषध ओतून काही होत नाही. मोकळ्या जागा पडल्या तर पडल्या, शेजारचे फुटवे थोडं भरून काढतात.

भुरीबद्दल द्राक्षवाले विचारतात. गव्हाला भुरी थंड डोंगराळ भागात येते, इथे तिच्यासाठी पैसे घालू नका. काढणीच्या तोंडावर पाऊस झाला तर दाण्याचं टोक काळं पडतं. तो गहू खायला चालतो, बियाण्याला ठेवू नका.

एवढं करूनही कळलं नाही तर दुकानात या, पण एकटं पान आणू नका. पूर्ण झाड आणा, मुळासकट, मातीसकट, तीन झाडं. एक नुकतं आजारी पडलेलं, एक पार गेलेलं आणि एक चांगलं. प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलं की वाटेत घाम सुटून पान सडतं आणि भलतीच बुरशी दिसायला लागते, म्हणून वर्तमानपत्रात गुंडाळा. वाण कोणतं, पेरणीची तारीख, शेवटचं पाणी कधी दिलं, तणनाशक कोणतं मारलं, हे विचारणारच आहे, ते कागदावर लिहून आणलं तर बरं. एक ते तीन मी जेवायला घरी असतो. तेव्हा काउंटरवर पोरगा असतो, त्याला विचारलं तर तो बाटलीच देईल.